हरकत असल्यास नव्वद दिवसांत

मी शोधत होते गोळीबार, आणि हाताला लागली एक नोटीस. लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुनी अमेरिकन वर्तमानपत्रं पानापानाने स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावचं ‘एपिटाफ’ त्यात आहे. २६ ऑक्टोबर १८८१ची ती अर्ध्या मिनिटाची चकमक, गावचे पोलीस अधिकारी असलेले अर्प बंधू, त्यांचा दोस्त डॉक हॉलिडे, ओ. के. कोरल ही जागा हे सगळं पडद्यावर इतक्यांदा पाहून झालंय की त्या दिवसांतलं छापील पान प्रत्यक्षात कसं दिसत असेल, याची मला उत्सुकता होती. अंक मागेपुढे करता करता एका पानाच्या कडेला नजर थांबली. बारीक अक्षरं, काही ठिकाणी शाई फुटलेली, काही ठिकाणी उमटलेलीच नाही. एका माणसाने दुसऱ्याला उद्देशून लिहिलेला मजकूर होता तो. आपल्या दोघांच्या सामाईक खाणीवर मी कायद्याप्रमाणे शंभर डॉलरचं काम केलं आहे, तुमच्या वाट्याचा खर्च नव्वद दिवसांत दिला नाहीत तर तुमचा हिस्सा माझा होईल. वर भागीदाराचं नाव, आणि नावाला जोडूनच त्याचे वारस, त्याच्या मिळकतीचे व्यवस्थापक. म्हणजे ज्याच्याबरोबर डोंगर पालथा घातला तो माणूस आज जिवंत आहे की नाही, हेही लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

पुढच्या आठवड्याच्या अंकात तीच नोटीस. त्याच्या पुढच्या अंकातही तीच, एका अक्षराचाही फरक नाही.

गोळीबाराचं पान मग तसंच उघडं राहिलं. कित्येक दिवस मी वेळ मिळेल तेव्हा त्या गावाच्या नोटिशी वाचत होते आणि ज्याला उद्देशून ही लिहिली तो माणूस कुठे असेल, हा विचार डोक्यातून जात नव्हता. कोलोराडोत दुसऱ्या एखाद्या खाणीवर असेल. मेक्सिकोतल्या सोनोरात असेल. सॅन फ्रान्सिस्कोत एखाद्या खानावळीत भांडी घासत असेल. यांतल्या कुठल्याच ठिकाणी टूमस्टोनचं वर्तमानपत्र दर आठवड्याला त्याच्या हातात पडायचा संभव नव्हता.

हा सगळा प्रकार १८७२च्या खाण कायद्यातून आलेला. धातूची शीर सापडली की तिच्या रोखाने जास्तीत जास्त पंधराशे फूट लांब आणि सहाशे फूट रुंद तुकड्यावर हक्क सांगायचा. दगडांचा ढीग रचायचा, हक्काचा कागद पत्र्याच्या डब्यात घालून त्या ढिगात ठेवायचा. आणि मग दरवर्षी त्या जागेवर किमान शंभर डॉलर किमतीचं काम करून दाखवायचं. टूमस्टोनला खाणीतली मजुरी दिवसाला चार डॉलर होती, म्हणजे हे एका माणसाचं पंचवीस दिवसांचं काम झालं. पंचवीस दिवस कातळात छिन्नीने भोकं पाडायची, सुरुंग भरायचा, उडालेला दगड बादलीने वर ओढायचा, तेही अशा रानात जिथे प्यायचं पाणी लांबून आणावं लागतं. वर्षात हे काम झालं नाही तर ३१ डिसेंबरची मध्यरात्र उलटताच तो पट्टा कुणालाही मोकळा. नव्या वर्षाच्या पहिल्या मिनिटाला दुसऱ्याच्या ढिगापाशी आपला नवा कागद घेऊन उभी राहणारी माणसं त्या डोंगरांत होती. भागीदारांपैकी एकानेच घाम गाळला असेल तर त्याला दुसऱ्याकडे वाटा मागता येई. दुसरा समोर असेल तर लेखी कळवायचं, आणि त्याचा पत्ताच नसेल तर खाणीला सर्वांत जवळ असलेल्या वर्तमानपत्रात नव्वद दिवस, आठवड्यातून निदान एकदा छापायचं. मुदतीत वाटा आला नाही की हिस्सा गेला.

भागीदारी सुरू होताना कुणी कागद करत नसे, हे यातलं सगळ्यात चटका लावणारं. टूमस्टोनची चांदी ज्याने शोधली त्या एड शेफेलिनचीच गोष्ट घ्या. १८७७मध्ये तो एकटा त्या टेकड्यांत हिंडत होता. तिथे तुला तुझ्या थडग्याचाच दगड सापडेल, असं त्याला लोकांनी सांगितलं होतं. ते त्याने खाणीला नाव म्हणून लावलं आणि खाणीवरून गावाला. सापडलेले दगड घेऊन तो आपल्या भावाकडे, ॲलकडे गेला. तिथे रिचर्ड गर्ड नावाच्या धातुपरीक्षकाने ते तपासले आणि तिघांनी तिथल्या तिथे हात मिळवले. तीन सारखे वाटे, मध्ये वकील नाही, स्टँपपेपर नाही. १८८०मध्ये दोघा भावांनी आपले हिस्से मोठ्या रकमेला विकले तोवर ते हात मिळवणं टिकलं होतं. तिघांचं नशीब मोठं म्हणून ती गोष्ट इतिहासात आली. बाकी शेकडो जोड्यांनीही असेच हात मिळवले असतील. एकाच शेगडीवर घेवड्याचे दाणे शिजवून खाल्ले असतील, एकाने झोपायचं आणि दुसऱ्याने खेचरं राखायची, असं केलं असेल. त्यांतल्या ज्यांची वाट फुटली त्यांच्या मैत्रीचा माझ्यापर्यंत आलेला एकमेव पुरावा म्हणजे ती तोडणारी नोटीस.

आमच्या घरी बाबा सकाळचा पेपर हातात आला की पहिलं पान सोडून थेट आतलं पान काढायचे, ‘जाहीर नोटीस’ असलेलं. मौजे, तालुका, गट नंबर, चतुःसीमा यांवरून त्यांचं बोट फिरत जायचं. ‘सदर मिळकतीत कोणाचाही हक्क, हितसंबंध असल्यास लेखी पुराव्यानिशी चौदा दिवसांचे आत...’ हे वाक्य मला शाळेतल्या कवितांइतकंच पाठ होतं, अर्थ कळायच्या कितीतरी आधी. आम्ही शहरात, जमीन गावाकडे, आणि ज्या पेपरात नोटीस यायची तो आमच्याकडे येणाराच असेल याची खात्री नाही. आत्याच्या सासरी तसंच झालं होतं. वहिवाटीच्या जमिनीची नोटीस एका पेपरात येऊन गेली आणि त्या घरात तो पेपर येत नव्हता. आत्या पुढे त्याबद्दल कधी बोलली नाही, पण बाबांचं बोट त्या दिवसापासून फिरायला लागलं होतं. त्यामुळे टूमस्टोनच्या नोटिशी वाचताना माझं मन आधी धावलं ते न वाचणाऱ्याच्या बाजूने. लिहिणाऱ्याची बाजू दिसायला मला वेळ लागला. पंचवीस दिवस कातळ फोडलेला तो माणूस शब्दाचा खोटा होता असं मानायला काहीच आधार नाही. हात त्याचेही सोलवटले होते. कायद्याने जे करायला सांगितलं ते त्याने दर आठवड्याला पैसे मोजून केलं.

नोटिशींच्या आजूबाजूला सगळं गाव पसरलेलं आहे. ॲलन स्ट्रीट, फ्रीमाँट स्ट्रीट, टफनट स्ट्रीट. खाटीक, लोहार, धातू तपासून देणारे, खोगीरवाले, बर्फवाले, फोटो काढणारा फ्लाय. ज्या ओ. के. कोरलचं नाव जगभर झालं ती घोडे ठेवायची आणि भाड्याने द्यायची जागा होती, चार पैसे मिळवणारा एक सरळसाधा धंदा. गोळ्या झाडल्या गेल्या त्या तर तिच्या मागच्या अंगाला, फ्रीमाँट स्ट्रीटजवळच्या मोकळ्या जागेत, फ्लायच्या घराशेजारी. नेली कॅशमन ही आयरिश बाई रस हाउस नावाचं हॉटेल चालवायची, गावातल्या कॅथलिक चर्चसाठी वर्गणी गोळा करायची. चिनी वस्तीत धोबी होते, भाजीचे मळे करणारे होते, आणि सगळं गाव जिला चायना मेरी म्हणायचं ती बाई होती. तिच्या शब्दावर घरकामाला आणि स्वयंपाकाला चिनी माणसं मिळायची, आणि तो शब्द मोडत नाही अशी तिची ख्याती होती. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना देशाची दारं बंद केली, तरी गावाचे कपडे त्यांच्याच हातांनी धुतले जात होते. रस्त्यावर धूळ घोट्यापर्यंत, चांदीचा दगड भरलेल्या गाड्या खेचरांच्या लांबलचक रांगा ओढत नेताहेत सॅन पेद्रो नदीकाठच्या गिरण्यांकडे, कारण गावात दळण्याइतकं पाणीच नाही. घरात लागणारं पाणीसुद्धा आधी विकतच घ्यावं लागायचं. वीसेक मैलांवरच्या वाचुका डोंगरातून नळ आला तो १८८२मध्ये, आणि तोवर गाव एकदा जळून गेलं होतं आणि दुसऱ्यांदाही जळालं. पहिली आग २२ जून १८८१ची. एका दारूच्या गुत्त्याबाहेर व्हिस्कीचं पीप पेटलं आणि दुपारभरात साठाहून अधिक दुकानं राख झाली. लोकांनी पुन्हा बांधली. मे १८८२मध्ये पुन्हा जळली, पुन्हा बांधली.

अशा गावात कोण कुणाचं काय लागतं हे रोज बदलत होतं आणि ते बदललेलं सांगायची जागा एकच. आमची भागीदारी परस्पर संमतीने संपली, येणी अमका वसूल करील, देणी तमका फेडील. अमुक वारला, त्याच्याकडे ज्यांचं येणं असेल त्यांनी पुराव्यासह कळवावं. अमुक छापाचं खेचर माझ्या गोठ्यात आलं आहे, मालकाने ओळख पटवून, चाऱ्याचा खर्च देऊन घेऊन जावं. माझी बायको घर सोडून गेली आहे, तिने केलेल्या उधारीला मी जबाबदार नाही. ही शेवटची तऱ्हा त्या काळात अमेरिकेत सगळीकडे दिसते आणि दर वेळी वाचताना मला त्रास होतो. नवऱ्याला तीन ओळींची जागा मिळाली. बाई का गेली ते सांगायला तिला ओळ विकत घ्यायची सोय होती, पण पैसे कुणाकडे होते?

छापखान्यालाही या ओळी हव्याच होत्या. किराणावाला जाहिरातीचे पैसे थकवेल, गाव सोडून पळेल; नोटिशीला मात्र कायद्याचा रेटा असतो. टूमस्टोनमध्ये मुख्य वर्तमानपत्रं दोन होती. ‘नगेट’ १८७९पासूनचं, ‘एपिटाफ’ १ मे १८८०ला निघालेलं, आणि दोघांचं हाडवैर. फेब्रुवारी १८८१मध्ये पिमा परगणा तोडून नवा परगणा झाला, जॉन बेहान त्याचा शेरीफ झाला आणि त्याच्या हाताखालचा अधिकारी झाला हॅरी वूड्स, ‘नगेट’चा कर्ताधर्ता. कर गोळा करणं, जप्ती आणणं, लिलाव पुकारणं ही सगळी शेरीफच्या कचेरीची कामं. जो जप्ती आणणार त्याच्याच माणसाच्या हातात वर्तमानपत्र. सिनेमात गोळीबारामागचं वैर दोन टोळ्यांची खुन्नस म्हणून दाखवतात. मला ती बरीचशी कचेऱ्यांची, कमिशनची आणि छपाईच्या कामाची भांडणं वाटतात.

दुकानाखालची जमीन कुणाची, हा प्रश्नही मिटलेला नव्हता. सरकारी जमिनीवर गाव वसलं तर ती जागा महापौराच्या नावे व्हायची आणि त्याने ती तिथे राहणाऱ्यांना वाटून द्यायची, असा नियम. टूमस्टोनच्या महापौराने १८८०च्या शेवटी मोठा भाग गावठाण कंपनीच्या क्लार्क आणि ग्रे या दोघांच्या नावावर करून टाकला. ज्यांनी स्वतः भिंती उभ्या केल्या होत्या त्यांच्याकडे आता जागेची किंमत मागायला माणसं यायला लागली. वरून खाणवाल्यांचे दावे वेगळे, कारण काही पट्टे गावाच्या खालूनच जात होते. दुकानदार तागडी लावून बसलाय आणि त्याच्या पायाखालची माती एकाच वेळी तिघांच्या कागदावर आहे. ‘एपिटाफ’चा संपादक जॉन क्लम याने यावर रान उठवलं आणि जानेवारी १८८१मध्ये लोकांनी त्यालाच महापौर केलं. मला या माणसाबद्दल आदर वाटायला लागला होता. ज्याचं राहतं घर त्याची जागा, हे त्याने पुनःपुन्हा लिहिलं.

आणि मग क्लम आधी काय करत होता ते मी वाचलं.

टूमस्टोनच्या ईशान्येला ड्रॅगूनचा डोंगर दिसतो. १८७२मध्ये चिरिकावा अपाची या तिथल्या मूळ रहिवासी जमातीचा नेता कोचीस याने अमेरिकी लष्कराच्या जनरल हॉवर्डशी बोलणी करून लढाई थांबवली. त्या बदल्यात ॲरिझोनाचा आग्नेय कोपरा, ड्रॅगून आणि चिरिकावा डोंगरांसकट, त्याच्या लोकांसाठी राखून ठेवला गेला. राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने. टूमस्टोनची टेकडी त्या हद्दीच्या किंचित पश्चिमेला येते. १८७४मध्ये कोचीस वारला. त्याला ड्रॅगूनच्या कड्यांतच कुठेतरी पुरलं. १८७६च्या जूनमध्ये सॅन कार्लोस या अपाचींच्या राखीव प्रदेशाचा सरकारी एजंट आला आणि कोचीसचा मुलगा ताझा याच्यासह तीनशेहून अधिक माणसांना उत्तरेच्या त्या तापलेल्या, हिवतापाच्या नदीकाठी घेऊन गेला. जे गेले नाहीत ते मेक्सिकोच्या डोंगरांत पळाले. हा एजंट म्हणजे जॉन क्लम, तेव्हा वय पंचवीसच्याही आत. त्याच वर्षी तो ताझाला पूर्वेकडे घेऊन गेला. ताझा वॉशिंग्टनमध्ये न्यूमोनियाने वारला आणि तिथेच पुरला गेला. ३० ऑक्टोबर १८७६ला दुसरा आदेश निघाला आणि कोचीसला दिलेला सगळा प्रदेश पुन्हा सरकारी मोकळ्या जमिनीत जमा झाला. पुढच्या वर्षी शेफेलिन आला. त्या आदेशापासून साडेतीन वर्षांत ‘एपिटाफ’ निघालं. १८८१मध्ये नव्या परगण्याला नाव दिलं गेलं ते कोचीस.

म्हणजे त्या परगण्याच्या कोर्टातून निघालेल्या प्रत्येक समन्सवर, शेरीफच्या प्रत्येक लिलावावर त्याचं नाव छापलं जात होतं, आणि त्याच्या माणसांना तिथे पाय ठेवायची मुभा नव्हती. क्लम दुष्ट होता असं मला म्हणायचं नाही. सॅन कार्लोसला त्याने अपाचींचेच पोलीस आणि अपाची न्यायाधीशांचं कोर्ट उभं केलं, लष्कराशी भांडला. ज्याचं राहतं घर त्याची जागा, हे त्याने ॲलन स्ट्रीटच्या दुकानदारांसाठी मनापासून लिहिलं यावर माझा विश्वास आहे. म्हणूनच मला ते जास्त लागतं. परागंदा झालेल्या एका खाणवाल्याच्या अर्ध्या हिश्शासाठी कायद्याने नव्वद दिवस थांबायची तजवीज केली होती. पट्ट्याची कायम मालकी मागायची तर साठ दिवस जाहिरात, खाणीवर कागद, जमीन कचेरीच्या भिंतीवर कागद, हरकत असेल त्याने यावं. भरकटलेल्या खेचराच्या मालकालाही वर्तमानपत्रातून हाक मारली जात होती. चिरिकावांचा प्रदेश दोन सह्यांत झाला आणि मोडला, आणि मोडताना हरकती मागवल्या नव्हत्या. खाणींना लागणारं लाकूडही पुढे चिरिकावा डोंगरातून तोडून आलं.

गाव फार टिकलं नाही. १८८१मध्येच पाचशे फुटांच्या सुमाराला खाणींना पाणी लागलं होतं, पुढे मोठमोठे पंप बसवले गेले. १८८४मध्ये मजुरी चारवरून तीन डॉलरवर आणायचा घाट घातला गेला, संप झाला, त्याच सुमाराला गावातली एक बँक बुडाली. १८८६मध्ये ग्रँड सेंट्रल खाणीचे पंप जळले आणि खाणी पाण्याखाली गेल्या. हजारोंची वस्ती १९००च्या शिरगणतीत ६४६ भरली. ज्या हिश्शांसाठी नोटिशी छापल्या त्यांतल्या बहुतेकांची पुढे काही किंमत उरली नसणार, हेही मनात येतं. त्याने माझं समाधान होत नाही. बाबांनी बोट फिरवलं त्या जमिनींतही सगळ्याच काही काळ्याभोर नव्हत्या.

पंप जळाले त्याच १८८६च्या सप्टेंबरमध्ये चिरिकावांचा लढवय्या जेरोनिमो शरण आला आणि सगळ्या चिरिकावांना, लष्कराच्या बाजूने माग काढणाऱ्या त्यांच्यातल्या स्काउटांनाही, युद्धकैदी म्हणून आगगाडीत घालून फ्लोरिडाला नेलं. तिथून अलाबामा, तिथून ओक्लाहोमातला फोर्ट सिल हा लष्करी तळ. कैद संपायला १९१३-१४ उजाडलं. कैदेत जन्मलेली मुलं तोवर मोठी झाली होती. न्यू मेक्सिकोत मेस्कलेरो अपाचींच्या राखीव प्रदेशात जा किंवा ओक्लाहोमात राहा, असे दोन पर्याय त्यांना दिले गेले. ॲरिझोना त्यांत नव्हतं. जे ओक्लाहोमात राहिले त्यांच्या वंशजांची फोर्ट सिल अपाची ही जमात आज आहे. २०११मध्ये न्यू मेक्सिकोतली अकेला फ्लॅट्स इथली तीस एकर जागा त्यांचं राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाली आणि तशी नोटीस अमेरिकेच्या सरकारी राजपत्रात निघाली. १८७२च्या कायद्याने एका शिरेवर मिळणारा पट्टा, पंधराशे फूट गुणिले सहाशे फूट, वीस एकरांहून थोडा जास्त भरतो.